लष्करी अळी, अमेरिकन : प्रभेदांची आनुवंशिक ओळख

मका, ज्वारी, ऊस, भात, कपाशी व अनेक प्रकारची गवते यांवर उपजीविका करणाऱ्या स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या पतंगाच्या अळीला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. या एकाच जातीत बाह्यतः सारखे दिसणारे परंतु आनुवंशिक दृष्ट्या भिन्न असे दोन गट आहेत. त्यांना प्रभेद म्हणतात आणि ज्या पिकांवर ते प्रथम वेगळे ओळखले गेले त्यांवरून मका प्रभेद व भात प्रभेद अशी नावे त्यांना मिळाली आहेत. अळी, कोष व पतंग यांपैकी कोणत्याही अवस्थेत नुसत्या डोळ्यांनी पाहून हा भेद खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी आनुवंशिक चिन्हकांचा (ज्यांची रचना गटागटांत ठरावीक रीत्या बदलते अशा प्रथिनांचा वा डीएनए रेणूंच्या भागांचा) आधार घ्यावा लागतो. ही ओळख कशी पटवितात आणि २०१६ नंतर ही कीड आफ्रिका व आशिया खंडांत पसरली तेव्हा ती कितपत उपयोगी पडली व कोठे फसवी ठरली, यांची माहिती प्रस्तुत नोंदीत दिली आहे.

कीटक : या पतंगाचा समावेश खवलेपंखी (लेपिडोप्टेरा) गणाच्या नॉक्टुइडी कुलात होतो. तो मूळचा उत्तर व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण व उपोष्ण प्रदेशांतील असून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन जॉर्जियातील कीटकांवरील एका ग्रंथात १७९७ मध्ये प्रसिद्ध झाले. अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय या अक्षराची उलटी आकृती असते आणि उदराच्या आठव्या खंडावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असावेत तसे चार ठळक ठिपके असतात. या खुणांवरून ती इतर अळ्यांपासून वेगळी काढता येते. महाराष्ट्रात ‘लष्करी अळी’ हे नाव पूर्वीपासून मायथिम्ना सेपरॅटा या ज्वारी व भातावरील निराळ्या किडीसाठी रूढ आहे. म्हणून नव्या किडीच्या नावाआधी ‘अमेरिकन’ हे विशेषण लावतात. कपाशीवरील अमेरिकन बोंडअळीशी मात्र तिचा घोटाळा होऊ देऊ नये.

मादी बहुधा शंभर ते दोनशे अंड्यांचे पुंजके घालते व त्यांवर आपल्या अंगावरील केसांसारख्या खवल्यांचे आवरण पसरते. उष्ण हवामानात अंड्यापासून पतंगापर्यंतचा जीवनक्रम सु. ३० दिवसांत पूर्ण होतो. मक्यावर अळी पोंग्यात शिरून कोवळी पाने व पुढे तुरा आणि कणीस खाते. अनुकूल वाऱ्याबरोबर पतंग एका रात्रीत सु. १०० किमी. अंतर तोडू शकतो. थंडीत सुप्तावस्थेत राहण्याची क्षमता मात्र या कीटकात नाही. त्यामुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो हिवाळ्यात फक्त दक्षिण फ्लॉरिडा व दक्षिण टेक्सस अशा उबदार भागांत तग धरतो आणि दरवर्षी वसंत ऋतूपासून उत्तरेकडे सरकत कॅनडापर्यंत जातो. एवढा भटका कीटक सर्वत्र मिसळून एकजिनसी झाला असावा, अशीच दीर्घ काळ समजूत होती.

प्रभेदांचा शोध : ही समजूत १९८०–९० या दशकात डळमळीत झाली. अमेरिकन संशोधिका डॉरोथी पॅश्ली यांनी प्वेर्त रीको बेटावर मका व भात या पिकांवरील अळ्या गोळा करून त्यांच्या एंझाइमांची (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनांची) तुलना केली. एकाच एंझाइमाचे किंचित वेगळे प्रकार विद्युत् क्षेत्रात जेलीसारख्या थरातून वेगवेगळ्या गतीने सरकतात. रंग देऊन त्यांचे पट्टे दृश्य केले की, कोणत्या किड्यात कोणता प्रकार आहे हे कळते. एकाच बेटावर जवळजवळ असलेल्या पिकांवरील अळ्यांत काही एंझाइम-प्रकारांची प्रमाणे इतकी भिन्न आढळली की, हे दोन समूह मोकळेपणाने संकर करीत नसावेत, असा निष्कर्ष निघाला. १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पॅश्ली यांनी या जोडीस एकाच जातीतील गट मानावे की दोन स्वतंत्र भगिनी जाती मानावे, असा प्रश्न उपस्थित केला. तो प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

मका प्रभेद प्रामुख्याने मका, ज्वारी व कपाशी यांवर, तर भात प्रभेद भात, हरळी आणि कुरणांतील इतर गवते यांवर आढळतो. तथापि ही निवड कल दर्शविणारी आहे, नियम नव्हे. प्रयोगशाळेत दोन्ही प्रभेद एकमेकांच्या पिकांवर वाढविता येतात. शेतातही अपवाद पुष्कळ सापडतात. अर्जेंटिना, ब्राझील व पॅराग्वाय येथील अळ्यांची पिकांवरून केलेली वर्गवारी व चिन्हकांवरून केलेली वर्गवारी अनेक ठिकाणी जुळली नाही, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. प्रभेदांत मीलनाच्या वेळेचाही फरक आहे. मका प्रभेदाचे पतंग रात्रीच्या पूर्वभागात, तर भात प्रभेदाचे पतंग रात्रीच्या अखेरच्या भागात मीलन करतात. वेळ चुकल्याने होणारी ही ताटातूट संकरास बऱ्याच प्रमाणात आळा घालते, पण तो पूर्णपणे थांबवीत नाही.

कलकणूंतील चिन्हक : एंझाइमांच्या पद्धतीस ताजा किंवा गोठविलेला कीटक लागतो आणि तिच्यातून मिळणारे उत्तर बव्हंशी समूहाविषयी असते, हाती आलेली एकच अळी कोणत्या प्रभेदाची आहे, हे तीवरून नेहमी सांगता येत नाही. डीएनए रेणूचा ठरावीक तुकडा नळीत लाखो पटींनी वाढविण्याची पॉलिमरेज साखळी विक्रिया प्रचारात आल्यावर ही अडचण दूर झाली. अळीचा पाय किंवा पतंगाच्या पंखाचा अंश एवढा अल्कोहॉलात ठेवलेला नमुनाही तिला पुरतो.

सर्वांत जास्त वापरले गेलेले चिन्हक कलकणूंच्या (कोशिकेत ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घटकांच्या) डीएनएमध्ये आहे. कलकणूंना स्वतःचा छोटा डीएनए असून त्यातील एक जनुक (आनुवंशिक लक्षणाचे एकक) सायटोक्रोम ऑक्सिडेज या एंझाइमाच्या पहिल्या उपघटकाचे आहे. १९९६ मध्ये यांग-जियांग लू व मायकेल ॲडँग यांनी या जनुकाच्या परिसरातील ५६९ क्षारक-जोड्या लांबीचा तुकडा घेऊन त्यावर एमएसपी-१ या छेदक एंझाइमाचा प्रयोग केला. हे एंझाइम ‘सायटोसीन, सायटोसीन, ग्वानीन, ग्वानीन’ असा चार क्षारकांचा क्रम दिसेल तेथेच डीएनए कापते. मका प्रभेदात असा क्रम त्या तुकड्यात आहे. त्यामुळे त्याचे ४९७ व ७२ क्षारक-जोड्यांचे दोन भाग होतात. भात प्रभेदात हा क्रम नसल्याने तुकडा अखंड राहतो. जेलीच्या थरावर दोन पट्टे दिसले तर मका प्रभेद, एकच दिसला तर भात प्रभेद, इतकी ही कसोटी सोपी आहे. पुढे क्षारकांचा क्रम थेट वाचण्याचा खर्च उतरला आणि छेदक एंझाइमाची जागा पुष्कळ ठिकाणी या वाचनाने घेतली; चिन्हक मात्र तेच राहिले.

दोन्ही प्रभेदांच्या कलकणूंच्या या जनुकात सु. २ टक्के क्षारक भिन्न आहेत. एकाच जातीच्या दोन गटांत हे अंतर लहान म्हणता येत नाही. त्यावरून प्रभेद सु. २० लाख वर्षांपूर्वी अलग होऊ लागले असावेत, असा अंदाज करतात.

या चिन्हकाची उणीव त्याच्या वारशाच्या रीतीत आहे. कलकणू अपत्यास केवळ आईकडून मिळतात. बापाकडून काहीच येत नाही. म्हणून ही कसोटी कीटकाची नव्हे, तर त्याच्या मातृवंशाची ओळख देते. भात प्रभेदाची मादी व मका प्रभेदाचा नर यांची संतती घेतली आणि तिच्यातील माद्यांचे मीलन पुन्हा मका प्रभेदाच्या नरांशी होत गेले, तर केंद्रकातील डीएनएमध्ये भात प्रभेदाचा वाटा दर पिढीस निम्मा होतो. दहाव्या पिढीत तो सरासरीने हजारातील एका भागाहूनही कमी उरतो. उष्ण प्रदेशात दहा पिढ्यांस एक वर्षही लागत नाही. कलकणू मात्र शेवटपर्यंत जसेच्या तसे भात प्रभेदाचेच राहतात. जवळजवळ संपूर्णपणे मका प्रभेदाचा असलेला असा कीटक या कसोटीत भात प्रभेदाचा म्हणून नोंदला जाईल.

केंद्रकातील चिन्हके : वरील उणीव भरून काढण्यासाठी केंद्रकातील डीएनएमध्येही चिन्हके शोधण्यात आली. १९९४ मध्ये भात प्रभेदात १८९ क्षारक-जोड्यांचा एक क्रम शेकडो वेळा लागोपाठ आलेला आढळला. अशी दीर्घ पुनरावृत्ती मका प्रभेदात सहसा नसते. हे क्रम लिंग गुणसूत्रांवर असल्याचे पुढे दिसून आले. हे चिन्हक ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. रासायनिक विक्रिया काही कारणाने फसली तरी उत्तर ‘नाही’ असेच येते, ही त्यातील गैरसोय होय.

अधिक भरवशाचे चिन्हक ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज (शर्करेच्या विघटनातील एक एंझाइम) या एंझाइमाच्या जनुकात मिळाले. फ्लॉरिडातील गेन्झव्हिल येथील अमेरिकन कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतील रॉडनी नागोशी यांनी त्याचा उपयोग २०१० मध्ये दाखवून दिला. या जनुकाच्या चौथ्या सांकेतिक खंडातील १८३ व्या स्थानी मका प्रभेदात सायटोसीन, तर भात प्रभेदात थायमीन हा क्षारक असतो. या बदलामुळे एंझाइमाच्या रचनेत फरक पडत नाही आणि पिकाच्या निवडीशी त्याचा संबंध असल्याचेही दिसत नाही. चिन्हक हे खुणेपुरतेच असते. ते फरकाचे कारण असावे लागत नाही.

हे जनुक झेड या लिंग गुणसूत्रावर आहे, ही बाब महत्त्वाची ठरते. माणसात दोन सारखी लिंग गुणसूत्रे स्त्रीत व दोन भिन्न पुरुषात असतात; पतंगांत नेमके याउलट असते. नरात दोन झेड गुणसूत्रे असतात, मादीत एक झेड व एक डब्ल्यू. मुलीला डब्ल्यू आईकडून मिळते, म्हणून तिचे एकमेव झेड गुणसूत्र बापाकडूनच आलेले असते. याचा अर्थ असा की, एकाच मादीची दोन्ही चिन्हके तपासली, तर कलकणूंवरून तिच्या आईचा व झेड गुणसूत्रावरून तिच्या बापाचा प्रभेद कळतो. दोन उत्तरे विसंगत आली की, त्या मादीच्या पूर्वजांत कधी तरी संकर झाला आहे, हे निश्चित होते. नरात झेडच्या दोन प्रती असल्याने संकरज नराच्या बाबतीत १८३ व्या स्थानी दोन्ही क्षारकांचे संकेत एकदम मिळतात. शेतातील कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधासारखा गंध लावलेल्या सापळ्यांत) फक्त नर अडकतात. म्हणून केवळ सापळ्यातील नमुन्यांवर भिस्त ठेवल्यास मादीपासून मिळणारी ही सुबक माहिती हातची जाते. अभ्यासक म्हणूनच पिकावरील अळ्या गोळा करणे पसंत करतात.

कलकणूंचे चिन्हक, एक एंझाइम व केंद्रकातील डीएनएचे अनेक तुकडे अशी चिन्हके एकत्र वापरून २००४ मध्ये अमेरिका खंडांतील नमुन्यांची तपासणी करण्यात आली. तीत सु. १६ टक्के कीटकांत संकराची चिन्हे आढळली. कोणत्या प्रभेदाची मादी कोणत्या नरास अधिक सहज स्वीकारते याविषयीचे प्रयोगशाळेतील निष्कर्ष परस्परांशी जुळलेले नाहीत. बंदिस्त पिंजऱ्यातील पतंगांची वागणूक ही शेतातील वागणुकीची विश्वसनीय प्रतिकृती नसते, हे त्याचे एक कारण असावे. २०१७ मध्ये दोन्ही प्रभेदांच्या संपूर्ण डीएनए-क्रमांचे आराखडे प्रसिद्ध झाल्यामुळे एखाददुसऱ्या चिन्हकाऐवजी सबंध जनुकसंच पडताळून पाहणे शक्य झाले.

स्थलांतराचा माग : कलकणूंच्या त्याच जनुकातून आणखी एक माहिती मिळते. मका प्रभेदातील कीटकांत १,१६४ व १,२८७ या दोन स्थानी क्षारक ॲडेनीन किंवा ग्वानीन असू शकतो. त्यामुळे चार उपप्रकार होतात. टेक्ससमधील समूहांत दुसऱ्या उपप्रकाराचे व फ्लॉरिडातील समूहांत चौथ्याचे प्राबल्य आहे. या दोन उपप्रकारांच्या गुणोत्तरावरून उत्तरेकडील एखाद्या राज्यात उन्हाळ्यात आलेली कीड कोणत्या हिवाळी निवासातून निघाली, हे ठरविता येते. मध्य भागातील बहुतेक मका क्षेत्रास टेक्ससकडून व अटलांटिक किनाऱ्यास फ्लॉरिडाकडून उपद्रव पोहोचतो आणि ॲपालॅचियन पर्वतरांग या दोन प्रवाहांना पुष्कळशी विलग ठेवते, असे यावरून दिसून आले. प्वेर्त रीकोतील समूह फ्लॉरिडातील समूहाशी मिळताजुळता आहे. येथे चिन्हकावरून प्रभेद नव्हे, तर भौगोलिक उगम कळतो.

आफ्रिका व आशियातील प्रसार : २०१६ च्या आरंभी नायजेरियात ही कीड आढळली व त्याच वर्षी टोगो, बेनिन आणि साऊँ टोमे व प्रिन्सिपे येथून तिच्या नोंदी झाल्या. दोन वर्षांत ती सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील बहुतेक देशांत पोहोचली. भारतात मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात ती मक्यावर प्रथम आढळली. त्याच वर्षी महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर व पाठोपाठ उसावरही तिची नोंद झाली. २०१९ च्या आरंभी ती चीनच्या युनान प्रांतात व २०२० च्या आरंभी ऑस्ट्रेलियात पोहोचली.

अळी मक्याच्या पोंग्यात सापडत असली, तरी कोणता प्रभेद आला आहे, हा प्रश्न आशियाच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा होता. मका हे आशियात मोठे पीक असले, तरी कोट्यवधी लोकांचे मुख्य अन्न भात आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर मराठवाडा, खानदेश व पश्चिम महाराष्ट्रातील मका उत्पादकांस कोणताही प्रभेद चिंतेचा होता. परंतु भात प्रभेद आला असल्यास कोकण आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे भाताचे जिल्हेही धोक्याच्या कक्षेत येत होते. पश्चिम आफ्रिकेत गोळा केलेल्या नमुन्यांत दोन्ही प्रभेदांचे कलकणू आढळले होते. भारतातील २०१८ च्या नमुन्यांची कलकणूंच्या चिन्हकावरून तपासणी झाली तेव्हा बहुसंख्य अळ्या भात प्रभेदाच्या ठरल्या. त्या बहुतांश मक्यावरूनच गोळा केलेल्या होत्या, ही विसंगती मात्र डोळ्यांत भरण्यासारखी होती.

झेड गुणसूत्रावरील चिन्हकाने या विसंगतीचा उलगडा केला. टोगोतील व पुढे दक्षिण आफ्रिका आणि भारत येथील नमुन्यांत कलकणू भात प्रभेदाचे असूनही ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज जनुकाचे रूप जवळजवळ सर्वत्र मका प्रभेदाचे निघाले. म्हणजे आलेली कीड शुद्ध भात प्रभेदाची नव्हती. भात प्रभेदाच्या माद्या व मका प्रभेदाचे नर यांच्या पूर्वी झालेल्या संकराचे ते वंशज होते. चीनमधील कीटकांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या तपासणीतही, कलकणूंवरून भात प्रभेदाचे ठरणाऱ्या कीटकांच्या केंद्रकात मका प्रभेदाचाच वाटा प्रमुख असल्याचे दिसून आले. शेतातील अनुभवही याच्याशी जुळतो. भारतात या किडीने मुख्यतः मक्याचे व काही प्रमाणात ज्वारीचे नुकसान केले. भातावर ती तुरळक आढळली, परंतु तेथे तिचा व्यापक उपद्रव झाला नाही. भारतीय नोंदींत अजूनही ‘भात प्रभेद’ असा उल्लेख येतो तो बहुधा केवळ कलकणूंच्या आधारे केलेला असतो. तो वाचताना कोणते चिन्हक वापरले आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

दक्षिण आफ्रिका व भारत येथील समूहांत चिन्हकांचे साम्य इतके होते की, दोहोंचा उगम एकाच समूहात असावा, असे अनुमान २०१९ मध्ये करण्यात आले. मका प्रभेदाच्या कलकणूंचा उपप्रकार टेक्ससचा नसून फ्लॉरिडा व कॅरिबियन बेटांच्या समूहाचा निघाल्याने मूळ स्थानाविषयीही दिशा मिळाली. तथापि ही कीड एकदाच आली व पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरत गेली, हे सर्वमान्य नाही. अनेक देशांतील समूहांच्या जनुकसंचांची तुलना करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आशिया व ऑस्ट्रेलियातील काही समूहांची घडण अशा एकाच सरळ प्रवासाशी जुळत नसल्याचे दाखविण्यात आले असून, कीड व्यापारी मालाबरोबर अनेकदा आली असावी, असे मत मांडले आहे. काही मोजक्या चिन्हकांवरून दोन समूह सारखे दिसतात तेव्हा ते खरोखर एक आहेत की चिन्हके अपुरी आहेत, हा या वादाचा गाभा आहे. एखाद्या देशात नव्याने येत राहणाऱ्या किडीला रोखण्यासाठी बंदरे व विमानतळ येथील संगरोधाची (वनस्पती व मालाच्या तपासणीची) गरज टिकते, तर एकदाच आलेल्या किडीपुढे ती उपाययोजना निष्फळ असते. म्हणून हा वाद निव्वळ पांडित्याचा नाही.

नियंत्रणातील उपयोग : प्रभेद ओळखण्याचा प्रत्यक्ष उपयोग कामगंध सापळ्यांत होतो. मादीच्या गंधातील घटकांचे प्रमाण प्रभेदाप्रमाणे काही अंशी आणि प्रदेशाप्रमाणे त्याहून अधिक बदलते. एका देशात यशस्वी ठरलेले गंधमिश्रण दुसरीकडे कमी नर आकर्षित करू शकते व इतर जातींचे पतंगही ओढून आणते. भारतात सापळ्यात अडकलेला प्रत्येक करडा पतंग अमेरिकन लष्करी अळीचाच असतो, असे नाही. मोजणीपूर्वी जाती तपासणे अगत्याचे आहे. जातीची खात्री करण्यासाठीही सायटोक्रोम ऑक्सिडेजचे तेच जनुक वापरतात. जात ठरविण्याच्या कामी ते चांगले ठरते, प्रभेद ठरविण्याच्या कामी अपुरे.

कीटकनाशकांना प्रतिकार करण्याची क्षमता मात्र प्रभेदाच्या चिन्हकावरून ठरवू नये. तिच्यासाठी त्या त्या प्रतिकाराशी प्रत्यक्ष निगडित असलेले जनुक तपासावे लागते. प्वेर्त रीकोत २००६ मध्ये, बॅसिलस थुरिंजेन्सिस या सूक्ष्मजंतूचे क्राय-१-एफ हे विषारी प्रथिन स्वतः तयार करणाऱ्या मक्यावर ही अळी जगू लागल्याचे आढळले व ते बियाणे तेथील बाजारातून काढून घ्यावे लागले. अळीच्या आतड्यातील एका वाहक प्रथिनाच्या जनुकात दोन क्षारक अधिक घुसल्याने प्रथिन अर्धवट बनते व विषाला चिकटण्यास जागा उरत नाही, असे या प्रतिकाराचे कारण पुढे सापडले. आफ्रिका व आशियातील कीड कॅरिबियन भागाशी नाते सांगत असल्यामुळे हे उत्परिवर्तन (आनुवंशिक लक्षणात घडणारा बदल) तिच्याबरोबर आले की काय, हे तपासणे आवश्यक झाले. २०१९ मध्ये चीनमध्ये गोळा केलेल्या नमुन्यांत ते आढळले नाही. ॲसिटिलकोलीन एस्टरेज या मज्जासंस्थेतील एंझाइमाच्या जनुकातील ऑर्गॅनोफॉस्फरस व कार्बामेट कीटकनाशकांना दाद न देणारी उत्परिवर्तने मात्र त्यांत मोठ्या प्रमाणात होती. म्हणजे ही कीड नव्या प्रदेशात उतरली तेव्हाच जुन्या कीटकनाशकांना काही अंशी सरावलेली होती. [⟶ कीटकनाशके, आनुवंशिकी].